टेप बंद झाल्यावर

मी एक टेपरेकॉर्डर. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकलं. माझं ऐकायला कुणी बसलं नाही. तुम्ही बसलात, तर सांगतो.

समाजाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेनं मला विकत घेतलं आणि एका संशोधक बाईंच्या हाती दिलं. तेव्हा नगरपालिकेत बायका नव्यानं निवडून येऊ लागल्या होत्या. निवडून आल्यावर त्यांच्या हाती खरंच काही येतं का, हे बाईंना शोधायचं होतं. त्या मला रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवत. उन्हातान्हात, खचाखच भरलेल्या बसमध्ये आम्ही दोघंच. कंटाळा आला की मलाच म्हणत, "काय कानसेन, दमलात का?"

माणसांची एक गंमत आहे. माझं लाल बटण दाबलं की भलीभली घसा खाकरतात आणि पुस्तकातल्यासारखं बोलू लागतात.

एका नगरसेविकेच्या घरी तर तेवढंही झालं नाही. बाईंनी प्रश्न तिला विचारायचा आणि दाराशी उभ्या दिरानं उत्तर द्यायचं. वहिनींना यातलं काय कळतं, असं तो हसत हसत म्हणाला. ती खाली मान घालून भाजी निवडत राहिली. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली म्हणून तो गेला, आणि तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"आधी ते बंद करा."

बंद असलो तरी मला ऐकू येतं. साठवता येत नाही, एवढंच. ती भराभर बोलली. बैठकीला दीर जातो, शिक्का त्याच्या खिशात, हिनं फक्त सही ठोकायची. विचारायला गेलं तर घरभर अबोला. नवराही भावाच्याच बाजूनं.

"हे छापलंत तर मला इथे राहणं कठीण होईल."

बाईंनी तिला शब्द दिला.

संस्थेतल्या साहेबांना अहवालाची घाई होती. टेपवर तक्रार नाही म्हणजे सगळं आलबेल, असं त्यांनी ठरवलं आणि 'महिलांचा सहभाग समाधानकारक' असं लिहून टाकलं. बाईंपुढे इकडे आड, तिकडे विहीर. दिलेला शब्द मोडवेना, खोट्याखाली नाव घालवेना. त्यांनी आपलं नाव काढून घेतलं. पुढे त्यांना कामच मिळालं नाही. जाताना त्यांनी मला पुसून कपाटात ठेवलं. मी संस्थेच्या मालकीचा, नेणार कशा?

हल्ली मुलाखती मोबाइलवर होतात. कपाट उघडलं तरी ते वायर शोधायला. माझ्यातल्या बॅटऱ्या पाझरून सुकल्या. कुणाचा आवाज आला की वाटतं, बाईच असतील.

मध्यंतरी एक बाई आली. आवाज मी लगेच ओळखला, ती नगरसेविका! तिनं संशोधक बाईंची चौकशी केली. टेबलावरच्या मुलीनं सांगितलं, त्या केव्हाच गेल्या, पत्ता कुणाकडे नाही. जाता जाता ती म्हणाली,

"भेटल्या तर सांगा, मी पुन्हा निवडून आले. आता बैठकीला मीच जाते. भाऊजी घरी असतात."

मुलगी बरं म्हणाली आणि कामाला लागली. निरोप माझ्याखेरीज कुणी ठेवून घेतला नाही, आणि मी तो कुणाला देणार?

तुमचं फिरणं असतं. माझ्या बाई कुठे भेटल्या, तर एवढं सांगाल?