तिसऱ्यांदा उठलेल्या पेशी

झाडाची साल हातात देतानाच एपेडू म्हाताऱ्यानं अकितेंगला बजावलं होतं, "दोनदा. तिसऱ्यांदा नाही." का, ते सांगितलं नाही.

सोरोटी शहरातल्या विद्यापीठात अकितेंग पेशींच्या आकारावर काम करायची. पेशीतल्या प्रथिनांना मिथाइलचा बारीक टिळा लागतो. एक रसायन तो लावतं, दुसरं पुसतं. ती अभ्यासत होती त्या प्रथिनाला टिळा असला की पेशीला बाहेरचे निरोप पोचतात, ती ऐसपैस पसरते, शेजारणीला चिकटून बसते. पुसला की अंग चोरून गोळा होते. एपेडू गुराखी. दुखणाऱ्या जनावराला तो या सालीचा काढा पाजायचा. जनावर निपचित पडायचं आणि दुपारपर्यंत उठायचं. साल टिळा लागू देत नसणार, असा अकितेंगचा कयास.

बकरीच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर तिनं सालीचा अर्क सोडला. तासाभरात सगळ्या गोल. अर्क धुऊन काढला, तर संध्याकाळी पुन्हा पसरलेल्या. तिनं आधीचा फोटो आताच्या फोटोवर ठेवला आणि पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. प्रत्येक पेशी त्याच जागी, प्रत्येक टोक तसंच वळलेलं. एरवी गोल झालेली पेशी पुन्हा कधी तोच आकार घेत नाही. दुसऱ्यांदाही तेच झालं.

"कर की अजून एकदा," शेजारच्या टेबलावरचा ओकिरोर हसला. "म्हाताऱ्याला घाबरलीस? डॉक्टर म्हणे!"

तिनं केलं.

पेशी उठल्या. पसरल्या. जिवंत होत्या, टिळेही जागच्या जागी होते. पण एकही दुसरीला शिवत नव्हती. वाढीचा निरोप देणारं औषध घातलं, तरी सगळ्या ढिम्म. ओकिरोरनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पाहिलं. मागे सरून म्हणाला, "झाकून ठेव ते."

सकाळी तिनं एपेडूला गुरांच्या बाजारात गाठलं. तिच्या तोंडाकडे बघूनच तो म्हणाला, "केलंस ना? चल घरी." पेशी एकमेकींना शिवत नाहीत, ते तिनं त्याला वाटेत सांगितलं.

अंगणात त्याची बायको आगुती नाचणी पाखडत होती. "ये गं लेकी! कुणाची तू? चालून दमली असशील." तिनं नाचणीच्या दारूचं मडकं पुढे ठेवलं, ती ओढून प्यायची लांब नळी अकितेंगच्या हातात दिली. मग एपेडूकडे वळली. "आणि हे कोण? तुझे वडील का? बसा ना, उभे का?"

एपेडू तिनं दाखवलेल्या चौरंगावर बसला.

ती आत गेल्यावर म्हणाला, "बाळंतपणात कळा सोसवेनात तिला. तीन दिवसांत तीनदा हाच काढा पाजला मी. मूल गेलं, ही उठली. एकतीस वर्षं झाली. बाकी सगळ्यांना ओळखते, मलाच नाही. रोज विचारते, कोण तुम्ही?"

"मग काय सांगता, आजोबा?"

"पाहुणा. पाहुण्याचं फार करते ती." मग म्हणाला, "तुझ्या त्या पेशी जवळ आल्या, तर सांगायला ये."

अकितेंगनं पेशी टाकल्या नाहीत. टिळा पुसणारं रसायन अडवून पाहिलं, होतं नव्हतं ते औषध घालून पाहिलं. महिनाभरात काही झालं नाही. तेच सांगायला ती पुन्हा गेली, तेव्हा आगुतीनं तिला लांबूनच ओळखलं. "अकितेंग, आलीस!" म्हणत हात धरून आत नेलं. मग दाराआडून अंगणातल्या म्हाताऱ्याकडे बोट करून हळूच विचारलं,

"तुझ्याबरोबर आला होता, महिनाभर झाला, जातच नाही. कोण गं हा?"