करडईचं तेल

नवं इंजिन बसवायला ईरण्णा मिस्त्री सोलापुराहून आले, तेव्हा माझ्या वडिलांना, अप्पांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. तामलवाडीतली आमची पिठाची गिरणी तेवढा काळ बंदच होती. जुनं इंजिन कोपऱ्यात ओढून ठेवलेलं. ईरण्णांनी त्याच्या बेअरिंगचं झाकण काढलं, आत बोट घातलं आणि बोटाला आलेला पिवळा चिकट थर उजेडात धरला.

"वैनी, शिवलिंगअण्णांनी ह्याला काय काकवी पाजली व्हती का?"

"करडईचं तेल," माझी आई, अव्वा, म्हणाली. "घाण्याचं तेल इंजिनाला घालतंय का कुनी? पर अतिशहाणा मानूस. आपल्या हातानं इंजिन मारलं, अन् मंग त्याच्यापायी सोता गेले."

हे ती वर्षभर म्हणत होती. शेजारणींना, पाहुण्यांना, कुणी नसलं तर रिकाम्या गिरणीला. मी ऐकत होते.

अप्पा गेले त्या उन्हाळ्यात सरहद्दीवर नाकेबंदी होती. सोलापूर दहा कोसांच्या आत. पण ते हिंदुस्थानात आणि आम्ही निजामाच्या राज्यात. यंत्राचं तेल संपत आलं. अप्पा म्हणाले, रानातून जातो, ईरण्णाकडून डबा घेऊन येतो. नाक्यावरचं रोज काहीबाही कानावर येत होतं. मी हट्ट धरला, जाऊ नका. घरात करडईचं तेल आहे, तेच घाला.

"वाळतं ते, पोरी. डिंक हुतो त्याचा."

शनिवारी दुपारी ते जेवायला घरी गेले, तेव्हा बेअरिंगवरची तेलाची कुपी करडईच्या तेलानं मीच भरली. त्या दिवशी आणि रविवारी इंजिन सुरळीत चाललं. आणखी दोन दिवस जाऊ देत, मग सांगू, असं मी ठरवलं.

सोमवारी आमच्यात बैल जुंपत नाहीत. अप्पा इंजिनही जुंपत नसत. पुसून, विभूतीची बोटं ओढून दिवसभर त्याला विसावा देत. चालत्या इंजिनात वाहत राहिलेलं तेल त्या विसाव्यात, वैशाखाच्या उन्हाळ्यात, घट्ट झालं. मंगळवारी इंजिन सुरू केलं आणि घटकाभरात बेअरिंगचं बुश, आतलं धातूचं कडं, जळालं.

अप्पांनी कुपीत बोट बुडवून वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. अव्वा धावत आली तेव्हा म्हणाले, "म्याच घातलं करडईचं. चुकलं."

बुधवारी नाका चुकवून ते रानातून सोलापूरला गेले. परतताना ऊन लागलं. गावाच्या शिवेत, बाभळीखाली सापडले. नवं बुश धोतराच्या सोग्यात बांधलेलं होतं.

"कुनाचं ऐकत नव्हते," अव्वा ईरण्णांना सांगत होती.

"अव्वा, ते तेल मी घातलं होतं."

ईरण्णांचा पाना थांबला. अव्वानं मला पुन्हा सांगायला लावलं. मी सगळं सांगितलं, शनिवारपासून.

"मंग ते का म्हनले, म्याच घातलं म्हनून?"

"तू मला बोलशील म्हणून."

"बोललेच असते की. चार दिस बोलले असते, अन् इसरले असते." ती पोत्यांच्या ढिगावर बसली. "वरीसभर म्या त्यांना बोलतेय, शिवकांता. आता कुनापाशी मागं घेऊ ते?"

ईरण्णा बाहेर जाऊन उभे राहिले. मी तिच्याशेजारी बसले. तिनं मला जवळ घेतलं नाही, पण उठूनही गेली नाही.