रांगेबाहेरचा ठिपका

डेन्मार्कमधल्या एस्बियर्ग बंदरावरच्या आमच्या खोलीतून समुद्रातल्या पवनचक्क्यांवर लक्ष ठेवलं जातं. दुरुस्तीची माणसं कुठे पाठवायची, कधी परत बोलवायची, हे मी आणि विलाड्स ठरवतो. त्या सकाळी धुकं असं दाटलं होतं की धक्क्यावरची क्रेनही दिसत नव्हती.

उपग्रहावरच्या रडारला धुक्याची अडचण नसते. लाटांचा अंदाज घ्यायला मी ताजं चित्र उघडलं. पवनचक्क्यांचे पांढरे ठिपके नेहमीसारखे ओळीत होते. दोन ओळींच्या मधोमध मात्र एक ठिपका जास्तीचा होता.

"हे काय रे?"

"बोट असेल," विलाड्सने मानही वळवली नाही.

"तिचा सिग्नल नकाशावर कुठाय?"

"मग लाट चमकली असेल. सिसेल, राईचा पर्वत करू नकोस."

"समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत आहे. लाट कुठली आणलीस?"

त्याने खांदे उडवले. मी थ्युराला रेडिओ केला. ती आमच्या बोटीची कप्तान, माणसं चक्क्यांवर उतरवून तिथेच थांबली होती.

"चित्र कधीचं?" तिने विचारलं.

"तासाभरापूर्वीचं."

"मग ते जे काही आहे ते आता तिथे नसणार. भरतीची ओढ उत्तरेकडे आहे. त्या अंगाला जाऊन बघते."

उत्तरेला मोठ्या जहाजांचा मार्ग होता. असल्या धुक्यात एखाद्या जहाजाखाली छोटी बोट आली, तर जहाजावर कुणाला कळणारही नाही. मी बचाव केंद्राला कळवलं.

तेवढ्यात विलाड्सचा फोन वाजला. त्याची आई, गेर्दा. मला पलीकडचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"तुझे बाबा पहाटे खेकडे धरायला गेलेत. फोन लागत नाही. तुझ्याशी काही बोलले का?"

बोलणार कुठून? "माझ्या समुद्रात खांब रोवणाऱ्यांची भाकरी खातोस," असं म्हातारा क्रेस्टन नाताळाच्या जेवणात म्हणाला, तेव्हापासून बापलेकांत अबोला होता. क्रेस्टनची बोट छोटी. सिग्नल पाठवणारं यंत्र तिच्यावर नव्हतंच.

फोन ठेवला तेव्हा विलाड्सचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"लाट म्हणालो मी," तो पुटपुटला. "माझ्या बापाला लाट म्हणालो."

"अजून काही ठरलेलं नाही. बस."

तो बसला नाही. थ्युराने इंजिनं बंद करून कान द्यायचं ठरवलं. थोडं पुढे जायची, थांबायची, परत ऐकायची. रेडिओवर नुसती खरखर. मी विलाड्सचा दंड धरून उभी होते, ते मला नंतर कळलं.

"थांबा," थ्युरा म्हणाली. "कुणीतरी पातेलं बडवतंय."

मग आरडाओरडा, दोर फेकल्याचा आवाज, आणि थ्युराचं हसू.

"क्रेस्टनच आहे! गारठलाय, पण धडधाकट. इंजिन बंद पडलं, बॅटरीही गेली. म्हणतोय, विलाड्सला कळवू नका."

विलाड्सने माईक ओढून घेतला. "बाबा, मी ऐकतोय."

"ऐकतोयस तर कॉफी टाक," म्हातारा खोकत म्हणाला. "आणि आईला सांग, इंजिन बिघडलंय, मी नाही."

विलाड्स हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे वाहू लागले.

दुपारी धक्क्यावर गेर्दा नवऱ्याला आधी भरपूर बोलली, मग त्याच्या गळ्यातच पडली. क्रेस्टन लेकासमोर येऊन उभा राहिला.

"बोट दुरुस्तीला काढायचीय," म्हातारा म्हणाला. "इंजिनाचं तुला जरा कळतं ना?"

"जरा नाही, पुष्कळ कळतं."

"बघू तर."

विलाड्सने माझ्याकडे पाहिलं.

"जा," मी म्हटलं. "इथलं मी सांभाळते."

ते तिघं गाडीत बसले. मी खोलीत परत आले, खुर्चीत अंग टाकलं आणि डब्यातला पाव अधाशासारखा खाल्ला. थ्युरा दुरुस्तीची माणसं आणायला पुन्हा निघाली होती, आणि बाहेर क्रेनचं टोक दिसू लागलं होतं.