एका गालाचा नवरदेव

धुळ्यात एप्रिल लागला की माणसाला देवाआधी कुलर आठवतो. वर्षभर माळ्यावर पडलेला तो पत्र्याचा डबा खाली काढायचा, कुजकं गवत फेकून नवं भरायचं, मोटरीला तेल द्यायचं. हे काम घरातल्या रिकाम्या माणसाचं. शहरातल्या देवपूर भागातल्या एका घरात यंदा रिकामा माणूस म्हणजे प्रेमराज. गणिताचे क्लास सुट्टीमुळे बंद होते आणि त्याचं लग्न ठरलं होतं. लग्न ठरलेल्या पोराला आपण म्हणतो नवरदेव, आणि राबवतो गड्यासारखा.

माळ्यावरून डबा काढताना पायाखालचं स्टूल हललं. कुलर घसरला आणि त्याच्या पत्र्याची कड प्रेमराजचा उजवा गाल चिरत खाली गेली. ज्यानं ती कड न दुमडता कुलर विकला, त्याची त्याच पत्र्यावर बसवून वरात काढायला हवी. पण कड दुमडायला वेळ कुणाला आहे? वरून रंग फासला की माल तयार.

"अरे देवा!" आई, ताईबाई, किंचाळली. "लग्न तोंडावर आलं आणि ह्यानं तोंड फोडून घेतलं!"

शेजारचे सुकदेवनाना चुन्याची डबी घेऊन धावत आले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कॉफीची पुडी आणली. कुणीतरी टूथपेस्टही सुचवली. जखम एक आणि हकीम गल्लीभर. प्रेमराजनं कुणाचं ऐकलं नाही, हे त्याचं नशीब. त्यानं नळाच्या धारेखाली गाल धुतला, स्वच्छ रुमाल घट्ट दाबून धरला आणि मित्राच्या, अमृतच्या, गाडीवर मागे बसून दवाखाना गाठला.

डॉक्टर संघमित्रा चष्म्याआडून जखमेकडे बघत राहिल्या.

"चुना लावला?"

"नाही."

"हळद?"

"नाही."

"कॉफी, तंबाखू, काहीच नाही?"

"नाही डॉक्टर."

"मग तुम्ही धुळ्याचे नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हातमोजे चढवले.

टाके घालून झाले, धनुर्वाताचं इंजेक्शन टोचून झालं, मग त्यांनी खडसावायला सुरुवात केली. "बारीक दोऱ्यानं नीट शिवलंय. आता ते बिघडवायचं काम तुमच्या नातेवाइकांचं. रोज साबणाच्या पाण्यानं हलक्या हातानं धुवायचं, कोरडं टिपायचं, पेट्रोलियम जेली लावून वर पट्टी. जखम सुकू दिली की खपली धरते, खपली दिसली की तुम्ही ती नखानं काढणार, आणि मग रेघेचा दोर होतो. नखं गालापासून दूर ठेवा. लाल झालं, सुजलं, पू आला तर लगेच इकडे या. आणि टाके निघाल्यावर ऊन टाळायचं. नव्या कातडीला ऊन लागलं की डाग काळा पडतो. लग्न कधी?"

"मे महिन्यात. भुसावळला."

"दुपारी? घोड्यावर?"

प्रेमराजनं मान डोलावली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

घरी आईनं फर्मान काढलं की नूतनच्या घरी एक अक्षर कळता कामा नये. नूतन म्हणजे भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, बँकेत नोकरी करणारी नवरी. "रेल्वेवाली माणसं," ताईबाई म्हणाली, "म्हणतील, पोरगा पिऊन मारामाऱ्या करतो. एकदा अक्षता पडू दे, मग बघू." हीच जखम नूतनच्या गालावर असती तर हीच ताईबाई अर्ध्या तासात लग्न मोडून मोकळी झाली असती. पण पोराची जखम म्हणजे घरची अब्रू. तिच्यावर चादर घालायची.

प्रेमराज चिडला, पण त्यानं ऐकलं. त्याला नूतन आवडली होती. फोनवर ती खळखळून हसायची, त्याच्या विनोदांवर नाही, त्याच्यावर. ते हसणं थांबेल या भीतीनं तो रोज व्हिडिओ कॉलला डावा गाल पुढे करून बसायचा. कधी उजवी बाजू उशीत, कधी भिंतीला. एकदा तर तो म्हशीसारखा दाराच्या चौकटीला गाल घासत उभा आहे की काय, असं अमृतला वाटलं.

बाकी सगळं त्यानं नेकीनं केलं. बघायला येणारा प्रत्येक जण पट्टी उचलून "दाखव तरी" म्हणायचा, तेव्हा तो सरळ हात झटकायचा. टाके वेळेवर निघाले. जखम जुळली. गालावर गुलाबी, नाजूक रेघ उरली. काही महिन्यांत ती फिकट होईल, पूर्ण पुसली मात्र जाणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

आणि हळदीचा दिवस आला.

अमळनेरहून ठसक्यात अहिराणी बोलणारी तानुबाई आत्या आली. घरातल्या प्रत्येक नवरदेवाला पहिली हळद लावायचा मान तिचा. नवरदेवाच्या अंगाला लागलेली उष्टी हळद नवरीकडे जाते, आणि ती पोचल्याशिवाय तिकडे नवरी पाटावर बसत नाही. ती घेऊन जायला झुलालमामा गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. पोचायचं होतं थेट भुसावळला.

तानुबाईनं मूठभर हळद उचलली. "गाल इकडे कर."

"आत्या, गालाला नाही लावायची."

"म्हंजे?"

"जखम नवी आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर काय तुनी आत्या शे का? हळद तं औषध शे!"

औषध म्हणे! ती परात सकाळपासून मांडवात उघडी होती. तिच्यात बायकांचे हात पडले होते, माशा पडल्या होत्या आणि एका करवलीची बांगडीही फुटून पडली होती. असल्या औषधानं बरा होणारा माणूस मुळात आजारीच नसतो.

प्रेमराजनं तळहातानं गाल झाकला. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं.

"तुना बापले मीच हळद लायी," तानुबाई हळदीची मूठ तशीच धरून म्हणाली. "तुना काकासले लायी. बठ्ठासना संसार झायात. आन तुले मना हात नको?"

"हात हवा आहे आत्या. गाल नको."

तेवढ्यात अमृतच्या हातातला फोन वाजला. नूतनचा व्हिडिओ कॉल. हळद अजून निघाली कशी नाही, म्हणून. तानुबाईनं फोन हिसकावला आणि पाटावरच्या प्रेमराजसमोर धरला. "दख माय, दख तुना नवरदेव! हळद लावू देत नाही!"

ताईबाई मागून खुणा करत होती. मान फिरव, मान फिरव. प्रेमराजनं तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि गालावरचा हात काढला.



"हे काय?" नूतननं विचारलं.

"कुलर."

"कुलर?"

"उतरवताना पत्रा लागला. टाके पडले. डाग राहणार. तुला सांगितलं नाही."

"तरीच!" ती म्हणाली. "इतके दिवस मला एकच गाल दाखवताय. बाबांनी तर विचारलं, पोराला मान वळत नाही का म्हणून. मी म्हटलं, त्याला दुसरा गालच नसेल."

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. पण नूतन हसत नव्हती.

"डाग राहू दे हो. खोटं कशाला?"

"मी खोटं बोललो नाही."

"मान वाकडी करून बोललात. ते काय असतं?"

"चुकलं. आई म्हणाली—"

"लग्न आईंशी ठरलंय का माझं?"

आता सगळा मांडव हसला. ताईबाईनं पदर तोंडाला लावला. प्रेमराजचे कान लाल झाले. "पुन्हा नाही लपवणार," तो म्हणाला, आणि हे तो इतक्या सगळ्या लोकांसमोर म्हणाला.

"फोन आत्याबाईंकडे फिरवायला सांगा." मग तिचा आवाज एकदम गोड झाला. "आत्याबाई, पायाला लावा, हाताला लावा, पाठीला थापा, पण लवकर पाठवा. मी सकाळपासून उपाशी आहे इथं. आणि गाल तेवढा सोडा. तो मला रोज बघायचाय."

फोन बंद झाला, तसा तानुबाईनं तो अमृतच्या हातात कोंबला. "हाई पोर तं मनापेक्षा तिखट शे," ती म्हणाली, आणि गाल सोडून बाकीच्या प्रेमराजवर तिनं असा काही सूड उगवला की टाचेपासून मानेपर्यंत तो पिवळाधम्मक झाला. झुलालमामाची गाडी धूळ उडवत सुटली.

दुसऱ्या दिवशी भुसावळकरांनी कधी न पाहिलेली वरात पाहिली. वर आग ओकणारं ऊन, घोड्यावर नवरदेव, आणि शेजारी स्टुलावर चढून-उतरून थकलेली, शेवटी चालत्या बैलगाडीत उभी राहून त्याच्या डोक्यावर काळी छत्री धरणारी म्हातारी. छत्री हलली की ती बँडवाल्यावरच खेकसायची.

"आत्याबाई, हे काय नवीन?" कुणीतरी विचारलं.

"ऊनथीन डाग काया पडस," तानुबाई ठसक्यात म्हणाली. जणू टाके तिनंच घातले होते. "तुमले काय समजस!"

मांडवात अंतरपाट खाली आला. अक्षतांचा मारा सुरू झाला, फोटोवाला "इकडे बघा, इकडे बघा" ओरडत होता. नूतननं हार उचलला, पण घातला नाही.

"जेली लावली का?" तिनं हळूच विचारलं. आदल्या रात्री फोनवर तिनं डॉक्टरांची सगळी यादी वदवून घेतली होती.

"लावली."

"दाखवा."

प्रेमराजनं मान वळवली. पूर्ण. नूतन रेघ बघत राहिली, आणि मग फोनमध्ये हसायची तशी खळखळून हसली. मागून तानुबाई ओरडली, "अक्षता जपीसन टाका रे, गालले लागतीन!"