वाळायला लागणारा वेळ

अंगठा उमटेना. फोनच्या काळ्या काचेवर तिने तो तिसऱ्यांदा टेकवला, मग एप्रनला पुसून चौथ्यांदा, आणि काच तशीच कोरी... अंगठ्याच्या रेषांत खळ वाळून बसली होती, फोनच्या लेखी ती ती नव्हतीच. आणि फोनमधलं घड्याळ तर ताबडतोब बंद करायचं होतं. पुस्तक शिकंज्यात दाबायला गेलं होतं, हात मोकळे झाले होते. हात मोकळे म्हणजे काम थांबलं, काम थांबलं म्हणजे घड्याळ थांबायला हवं. एक मिनिटही फुकटचं नको. शेवटी तिने करंगळीने आकडे दाबून फोन उघडला आणि घड्याळ थांबवलं. अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

ग्रंथालयाच्या तळघरातली ही दुरुस्तीची खोली. लांब टेबल, तीन शिकंजे, खळीचं पातेलं, आणि कणा मोडलेली, पानं सुटलेली पुस्तकं. सतरा वर्षं ती इथे पुस्तकं पुन्हा बांधत होती. नव्या ग्रंथपालबाई आल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, "वही ठेवा, फळा ठेवा, फोनवर ठेवा, जमेल ते साधन निवडा. पण महिन्याभराने मला कळायला हवं, वेळ कुठे जातो."

साधन निवडण्यातच तिचा एक आठवडा गेला होता. फळा आणला, तर तिच्याच खळ लागलेल्या कोपराने मंगळवार पुसला गेला. मग ताईने, मोठ्या बहिणीने, फोनमध्ये तीन अ‍ॅप भरून दिली. एकात घरची कामं लिहायची आणि झालं की हिरवी खूण करायची. दूध, विजेचं बिल, ताईला फोन... ताईला फोन ही खूण ताईनेच घालून ठेवली होती. दुसऱ्यात एक झाड होतं, काम सोडलं की सुकणारं. ते तिने दोन दिवसांत काढून टाकलं, कारण झाड माना टाकायला लागलं की हिचा जीव कासावीस आणि पुस्तक बाजूलाच. तिसरं साधं होतं. सुरू, बंद. तेच तिला प्रामाणिक वाटलं.

"तुला काय गं, कुठलंही चालेल," ताई म्हणाली होती. "गोगलगाईला घड्याळ बांधलं म्हणून ती काय पळणार आहे?"

आणि आज सकाळी ग्रंथपालबाईंनी तिच्या महिन्याभराच्या नोंदींचा कागद समोर ठेवला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "रोजचे तीन तास दहा मिनिटं. तुम्ही इथे आठ तास असता. जेवणाचा तास सोडून देऊ. बाकीचे?"

ती कागदावरचा तो आकडाच पुन्हा वाचत राहिली.

"चार वाजेपर्यंत सांगता आलं तर सांगा. पाचला मला वरिष्ठांना कळवायचंय, ही खोली ठेवायची की नाही. नाही ठेवली तर तुम्हाला वर काउंटरवर घेऊ, त्याची काळजी नको. फाटकी पुस्तकं रद्दीत जातील."

त्याची काळजी नको... तीन तास दहा मिनिटं. म्हणजे ताईचं खरंच होतं तर. लहानपणी दोघी बहिणी भाजी निवडायला बसल्या की ताईची परात रिकामी व्हायची आणि माझ्यासमोर ढीग तसाच. माझं एकेक पान उलटंसुलटं करून बघणं चाललेलं असायचं, आणि सगळे हसायचे. बाबा सोडून. बाबा हसत नसत. ते पहिलीच्या मुलांना शिकवायचे, चाळीस मुलं, आणि त्यांचीही एकदा तक्रार झाली होती — तपासनीस वर्गात येऊन बसला आणि वहीत लिहून गेला, 'शिक्षक प्रश्न विचारून नुसते उभे राहतात.' घरी आल्यावर आई चिडली होती. बाबा मात्र बूट काढता काढता शांतपणे म्हणाले, "अगं, सातातून चार गेले किती, असं विचारलं की मागच्या बाकावरच्या मुलाला बोटं मोजायला वेळ लागतो. मी तेवढ्यात बोललो की त्याची मोजणी मोडते. मी गप्प असतो तेव्हाच तर तो शिकत असतो. तेव्हाच माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं."

शिकंजा किंचित करकरला. तिचा हात आपोआप गेला, मळसूत्र पाव फेरा सैल झालं, आतला ओला टीपकागद निघाला, कोरडा गेला, मळसूत्र पुन्हा आवळलं. अर्धं मिनिट. मग दुसऱ्या शिकंज्याकडे. तिथल्या कण्याला तिने बोटाचं टोक लावून पाहिलं. अजून चिकटतोय, आणखी पाच मिनिटं. आता कण्याला गोलाई दिली तर पानं सरकतील, उशीर केला तर कणा तडकेल. पुस्तकातून बाहेर आलेल्या कागदाच्या पट्टीवर तिने पेन्सिलीने लिहिलं, १०.४५ बोट. दुसरीवर, १०.४४ कागद...

आणि पेन्सिल हवेतच राहिली.

फोनमधलं घड्याळ बंद होतं.

पट्ट्या! प्रत्येक पुस्तकाला एक. खळ कधी लावली, कागद कधी बदलला, बोट कधी लावलं. सतरा वर्षं ती लिहीत होती, कारण लिहिल्याशिवाय आठवणार कसं. आणि पुस्तक तयार झालं की पट्टी टेबलाखालच्या खोक्यात. तिला ते वेळ मोजणं कधी वाटलंच नाही. वेळ मोजणं म्हणजे फोन, म्हणजे ताई, म्हणजे कुणीतरी आपल्याला मोजणं... आणि मी — मी शहाणी! महिनाभर चोरासारखी स्वतःच स्वतःच्या मागे लागून घड्याळ बंद करत होते!

खोकं टेबलावर उपडं झालं. तारखा बघून तिने गेल्या आठवड्यातला मंगळवार वेगळा काढला. अकरा पट्ट्या. पुठ्ठ्यावर लावायच्या मोठ्या कागदावर तिने रेघा मारल्या, बाबा वेळापत्रक आखायचे तशा — आडव्या ओळीत एकेक पुस्तक, उभ्या घरांत पाव पाव तास. जिथे हात लागला तिथे काळा ठिपका. जिथे नजर होती तिथे तिरकी रेघ. मधूनमधून उठून ती शिकंजे पाहत होती, आणि तेही लिहीत होती. घरं भरत गेली. दुपार भरली. जेवणाच्या तासातसुद्धा दोन ठिपके निघाले — डबा डाव्या हाताने खाल्ला होता त्या दिवशी, आठवलं. पूर्ण झाल्यावर तिने खुर्चीवर चढून वरून पाहिलं. त्या मंगळवारात पाव तासाचं एकही घर रिकामं नव्हतं. एका माणसाने एका दिवसात अकरा पुस्तकं जिवंत ठेवली होती. तिला हसू फुटलं, मोठ्याने, एकटीला.

चारला दहा मिनिटं कमी असताना तिने तो कागद ग्रंथपालबाईंच्या टेबलावर पसरला. बाईंनी चष्मा लावला.

"ह्या तिरक्या रेघा काय?"

"थांबणं."

"म्हणजे वाट बघणंही कामात धरायचं?"

"धरायचं." आपला आवाज इतका सरळ निघेल असं तिला वाटलं नव्हतं. "मी तेव्हा खोलीतून गेले तर पुस्तक फुकट जातं. एकदा जाऊन पाहिलंय."

बाईंनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "इथे?"

"कणा वाळला का ते पाहिलं."

"किती वेळ लागला?"

"अर्धं मिनिट. पण ते अर्धं मिनिट कधी यायचं, ते पुस्तक ठरवतं. फोनला ते कसं कळणार? त्याला एका वेळी एकच काम कळतं."

बाई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. ती काही बोलली नाही. घाईने बोलून त्यांची मोजणी मोडायची नव्हती.

"मग पहिल्यांदा तो तीन तासांचा आकडा का दिलात?"

"चुकलं. हात थांबला की काम थांबलं, असं धरून चालले होते."

"अहो, तुम्ही स्वतःवर ठेवलात इतका कडक पहारा शत्रूनेही ठेवला नसता." बाईंनी कागदाची घडी घालायला घेतली, थांबल्या, आणि घडी न घालता गुंडाळी केली. "नेते वर. ते काय म्हणतील, सांगता येत नाही. त्यांना बेरीज लागते, आणि ह्याची बेरीज मलाही नीट करता येईना."

"येणारही नाही," ती म्हणाली, आणि खाली आली.

पाच वाजले. वर काय चाललं असेल... असू दे. शिकंज्यातलं शेवटचं पुस्तक अजून ओलं होतं. ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली, हात मांडीवर ठेवून. जिन्यावर पावलं वाजली. इतकी वर्षं पावलं वाजली की ती झटकन दाभण तरी उचलायची, कात्री तरी. रिकामं बसलेलं कुणी पाहू नये. आता काउंटरवर बसणारे, सगळे ज्यांना भाऊ म्हणत ते, दारात उभे होते, घरी निघालेले.

"काय, आज नुसत्या बसल्यात?"

"हो. नुसती बसलेय."

तिचे हात मांडीवरच होते. भाऊ गेले, पावलं जिन्यात वर वर विरली, आणि तिला जाणवलं की आपण कान देऊन ऐकतोय — वरून येणाऱ्या निरोपाची चाहूल नव्हे, कागदातून पाणी हळूहळू निघून जातं तो, जवळजवळ नसलेला, आवाज... आणि ऐकता ऐकता ऊर भरून येत होता.