तांब्याच्या तारेने शिवलेली होडी

मी प्लायवूडची एक जुनी होडी आहे, मित्रांनो. चोपड्याजवळच्या एका गावात, मोटर-वाइंडिंगच्या दुकानामागे उघड्यावर पडून असते. अंग फुगले आहे, पापुद्रे सुटले आहेत. आता बोलायचाही शीण येतो; पण तुम्ही जवळ येऊन बसलात, म्हणून सांगते.

मला झुलालभाऊंनी घडवले, सत्याऐंशी साली. विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी दुरुस्त करणारा हा माणूस. गावाजवळ धरण झाले, पाणी पसरले आणि त्यांच्या सासूबाई, भिकुबाई, पलीकडच्या टेकाडावर राहिल्या. बाकीची वस्ती उठून गेली, म्हातारी उठली नाही. डोंगराकडून वळसा घालून तिला भाकरी पोचवताना कुंदाबाईंचा, म्हणजे झुलालभाऊंच्या बायकोचा, सारा दिवस जाई.

एकट्याने वल्हवायच्या, वरून झाकलेल्या निमुळत्या होडीचे चित्र झुलालभाऊंनी कुठल्याशा मासिकात पाहिले होते. त्यावरून त्यांनी आधी पुठ्ठ्याची होडी केली, मेण लावून गुरांच्या हौदात सोडली. ती लगेच कलंडली. तळ रुंद केला, तेव्हा कुठे तरली. मग प्लायवूड कापले, कडांना बारीक भोके पाडली आणि मोटरीच्या तांब्याच्या तारेने मला गोधडीसारखे शिवून काढले. सांध्यांवर राळेत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या, वरून मोटरीचेच वार्निश. येणारे-जाणारे थांबून विचारत, "झुलालभाऊ, हाई काय, भुईमुगनी शेंग शे का?"

"शेंगच शे. पन मझार दाना एकच," ते हसून म्हणत. माझ्या आत बैठक एकाचीच होती.

वल्हवायला शिकल्या मात्र कुंदाबाई. नदीकाठीच वाढलेल्या त्या. रोज सकाळी भाकरीचा डबा घेऊन निघत. उन्हाने माझे वार्निश तडके, ओलीने तळ भिजून जड होई. पाहुणेरावळे कौतुकाने हात लावून बघत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पाणी, तीच फेरी.

एकदा आम्ही पोचलो तर म्हातारी तापाने फणफणलेली. झुलालभाऊ जामनेरकडे मोटर बसवायला गेलेले.

"माय, चाल आते."

"मी नही येवाव. हाई मन्हं घर शे."

"ताप उतरना म्हंजे परत लई येसू."

कुंदाबाईंनी तिला उचलून माझ्या एकुलत्या बैठकीत बसवले. म्हातारी घाबरली. "तू कोठे बठशी?"

"मी पानीमा शे ना," कुंदाबाई म्हणाल्या आणि मागून मला ढकलत पोहू लागल्या. मधेच त्यांना धाप लागली. माझ्या शेपटाला धरून त्या नुसत्या तरंगत राहिल्या, मग पुन्हा पाय मारू लागल्या.

चोपड्याच्या दवाखान्यात म्हातारी वाचली आणि लेकीकडे राहू लागली. पण त्याच पावसाळ्यात धरण काठोकाठ भरले आणि टेकाड बुडाले. तिला हे सांगायचा धीर कुणालाच झाला नाही. ती रोज विचारी, "माले कव्हय लई जाशी?" कुंदाबाई रोज 'उद्या' म्हणत.

एके दिवशी म्हातारी अंगणातच माझ्यात येऊन बसली. मांडीवर वल्हे घेतले. जेवायला उठेना. दुसऱ्या दिवशी झुलालभाऊंनी करवत आणली, माझी वरची झाकलेली पाठ कापली आणि दुसरी बैठक केली. त्यानंतर माझ्यात पहिल्यासारखा जोर राहिला नाही.

मायलेकी निघाल्या. टेकाडाच्या जागी पाणीच पाणी. एका लिंबाचा शेंडा तेवढा वर. कुंदाबाईंनी वल्हे थांबवले. "माय, मी खोटं बोलनू."

म्हातारीने हात पाण्यात सोडला. बराच वेळ तो तसाच ठेवला. मग पदराला पुसत म्हणाली, "भाकरनी येळ व्हयनी. चाल, घर चाल."

लेकीच्या घराला ती पहिल्यांदाच घर म्हणाली होती.

म्हातारी पुढे काही वर्षांनी गेली आणि माझी फेरीही थांबली. आता पाठीच्या त्या कापातून पावसाचे पाणी आत झिरपते.

मित्रांनो, मला परत पाण्यात न्या, असे मी म्हणत नाही. तेवढा दम उरलेला नाही. फक्त या उन्हातून उचलून छपराखाली ठेवा आणि जमले तर वार्निशचा एक हात फिरवा. कामाच्या दिवसांत मला सगळ्यांनी जपले. आता काही काम नाही, तरी कुणी जपावे असे वाटते.