गाडीच्या ओळखीच्या चाव्या

चावीवाल्याने कोरी चावी यंत्रात घट्ट बसवली, शेजारी जुनी लावली आणि बटण दाबलं. धातूचा बारीक भुसा उडू लागला तशी बाई एक पाऊल मागे सरली. नवरा मात्र आणखी पुढे वाकला. घासाघीस करून ठरवलेलं काम तो नजरेआड होऊ देणाऱ्यातला नव्हता.

शोरूमचा भाव ऐकल्यावर त्याने वर्षभर दुसऱ्या चावीचा विषयच मिटवून टाकला होता. आता बायकोने ऑफिसात चौकशी करून हे स्वस्तातलं दुकान शोधून काढलं, तेव्हा त्याला नाही म्हणायला जागा उरली नाही. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. चावी एकच मिळाली, असं तो पहिल्यापासून सांगत आला होता. ती एकुलती एक चावी त्याच्या खिशात असायची, तो बसने कामाला जायचा तेव्हासुद्धा.

बाईने पन्नाशीत लायसन्स काढलं ते हौसेखातर नव्हे. तिची अक्का पाय मोडून घरात पडून होती, एकटी. तिच्याकडे जायला दोन बस बदलाव्या लागत आणि अर्धा दिवस मोडे. गाडीने तासाभराची वाट, पण ती नवऱ्याला सवड असेल तेव्हाच, आणि सवड त्याला क्वचितच सापडे. अक्काचा फोन ठेवल्यावर बाईला स्वतःचीच लाज वाटायची.

"कापून झाली," चावीवाला म्हणाला. "हिने दार उघडेल. पण आतली चिप गाडीला ओळखीची करून दिल्याशिवाय गाडी सुरू नाही व्हायची."

तो गाडीत बसला, स्टिअरिंगखाली वायर जोडली आणि हातातल्या मशीनकडे बघत राहिला.

"दुसरी कुठंय?"

"दुसरी कसली?" नवऱ्याने विचारलं.

"गाडीत दोन चाव्यांची नोंद आहे, काका. मी सगळ्या पुसून नव्याने ओळख करून देणार. समोर असतील तेवढ्याच राहतील. उरलेली बाद."

"आधीच्या मालकाकडे राहिली असेल," बाई म्हणाली. "मग बाद झालेलीच बरी."

नवऱ्याने चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढून पुसला. एवढे दिवस ताकास तूर लागू दिली नव्हती त्याने. पण चांगली चालती चावी डोळ्यांदेखत फुकट जाणार म्हटल्यावर त्याचा धीर सुटला.

"थांबा जरा. घरी असेल ती. माझ्या स्वेटरांखाली."

"असेल?" बाईने विचारलं.

"आहे."

चावीवाला वायर सोडवू लागला. "मग नवी कशाला करताय? तीच वापरा. कापल्याचे तेवढे द्या."

"झालं तर. सुंठीवाचून खोकला गेला," नवरा घाईने म्हणाला. "चल, घरी गेल्या गेल्या काढून देतो तुला."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. तिने ते पदराने टिपलं.

"का लपवलीत?"

तो बॉनेटवरची धूळ बोटाने खरवडत राहिला.

"तू कुठेतरी ठोकशील असं वाटायचं. गाडीचं काय, पत्रा ठोकून सरळ करता येतो." तो थांबला. "भीती वाटायची मला."

तो खोटं बोलत नव्हता, हे तिला कळलं. त्याने राग काही कमी झाला नाही.

"नवीच करा," ती चावीवाल्याला म्हणाली. "घरची बाद होऊ दे."

"अगं, चांगली आहे ती."

"ती तुमची आहे. मला माझी हवी."

"काकू, परत सुरू नाही व्हायची हं ती," चावीवाल्याने बजावलं.

"करा तुम्ही."

चावीवाल्याने वायर पुन्हा जोडली, एकेक करून दोन्ही चाव्या लावल्या, तसं मशीन दोनदा वाजलं. त्याने नव्या चावीने गाडी चालू करून पाहिली, बंद केली आणि चावी बाईच्या हातावर ठेवली. तिने आपल्या पर्समधून पैसे दिले. ह्या खेपेला नवऱ्याने घासाघीस केली नाही.

"अक्काकडे कधी निघणार?" त्याने विचारलं.

"उद्या सकाळी."

"अंधाराच्या आत परत ये."

"राहणार आहे मी. ती चालायला लागेपर्यंत."

तो गुडघ्यावर हात टेकून खाली बसला आणि एकेका चाकातली हवा अंगठ्याने दाबून बघू लागला.